बकलामागचा नंबर

पट्ट्याच्या बकलामागचा नंबर मी घासून घालवला, असं माझ्या धाकट्या दिरांनी चारचौघांत सांगितलं, तेव्हा माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो मी टेबलावर ठेवला, आपटला नाही, याचं श्रेय मला कुणीतरी द्यायला हवं होतं. कुणी दिलं नाही. भाऊजींबरोबर गावचे दोन पुढारी आले होते, आमचे हे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते, आणि सगळे माझ्याकडं असं बघत होते जणू मी घराण्याची सनद चुलीत घातली. भाऊजी वरून समजूतदारपणे म्हणाले, "तुमचाही दोष नाही म्हणा, वहिनी. बायकांना काय, पितळ दिसलं की घासायचं."

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं माहेरी म्हणायचे. सासरी आल्यावर पस्तीस वर्षांत तो हळूहळू खाली सरकत पोटात जाऊन बसला होता. त्या एका वाक्यानं तो परत मूळ जागी आला. तेव्हापासून तो तिथंच आहे, आणि हे लिहितानाही आहे, हे वाचणाऱ्यानं आधीच समजून घ्यावं.

आधी पट्टा सांगते. चार बोटं रुंद, जाड कातड्याचा, लष्करी. मूळचा रंग तपकिरी असणार, पण वर्षानुवर्षं तेल पिऊन काळा पडलेला. पुढं पितळेचं जाड बकल, दोन काट्यांचं. घराण्याची कथा अशी की हा पट्टा माझ्या आजेसासऱ्यांचा, म्हणजे नवऱ्याच्या आजोबांचा. ते म्हणे निजामाच्या फौजेत जमादार होते. कुठली पलटण, किती वर्षं, कुठली लढाई, यातलं कुणाला काहीही माहीत नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, "मोठा माणूस होता." आमच्याकडं खंडेनवमीला पाटावर नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळे मांडतात आणि सगळ्यांच्या मधोमध हा पट्टा. घरातले पुरुष डोक्याला टोपी घालून त्याला हळदकुंकू वाहतात, झेंडूचं फूल ठेवतात. बाईनं त्या दिवशी पट्ट्याला हात लावायचा नाही. आदल्या दिवशी मात्र लावायचा, कारण तो चिंचेनं घासणार कोण?

आता कमान सांगते. आमचं गाव शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीपलीकडं. निम्मी शिवारं कारखान्यांत गेली, आणि गेलेल्या शिवाराच्या जागी माणसांना काहीतरी उभं करावंसं वाटतं. शेजारच्या गावानं वेशीला कमान बांधली म्हणून आमच्याही गावानं बांधायची ठरवली, आणि भाऊजींनी पुढाकार घेतला. ते गावीच राहतात. कमानीला नाव आजेसासऱ्यांचं, खाली 'वीर सैनिक' असं कोरायचं. ग्रामपंचायतीत कुणीतरी शहाण्यानं विचारलं की ते सैनिक होते याचा कागद दाखवा. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असा प्रसंग. कागद कुठून आणणार? मग पट्ट्याची आठवण झाली. पट्टा आमच्याकडं, शहरातल्या घरी, कारण सासूबाई आमच्याकडं असतात आणि पट्टा त्यांच्या खोलीतल्या कपाटात. जुने शिपाई आपला नंबर बकलाच्या मागं कोरून ठेवत, नंबर मिळाला की माणसाचे कागद सापडतात, असं कुणीतरी भाऊजींना सांगितलं होतं. त्यांनी मोठ्या उमेदीनं बकल उलटं केलं. मागं सगळं गुळगुळीत होतं. आणि त्याच वेळी मी चहा घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंकडून किल्ली मागून घेतली, पट्टा टॉवेलात गुंडाळला, आणि रिक्षानं छावणीत गेले. तिथल्या बाजारात एक जुनं दुकान आहे. बिल्ले, बकलं, बूट, वर्दीची बटणं, सगळं मिळतं. दुकानदार चाचा पंच्याहत्तरीचे, त्यांच्या आधी त्यांचे वडील, दोघांचंही आयुष्य पलटणीच्या कातड्याची डागडुजी करण्यात गेलं. मी त्यांना एवढंच म्हटलं की घरचे म्हणतात हा पट्टा मी खराब केला, तुम्ही बघून सांगा. राग आवाजात असणारच, कारण त्यांनी आधी मला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि मग टॉवेल उघडला.

त्यांचं बघणं मी विसरणार नाही. पट्ट्याला हळदकुंकू न वाहता कुणी इतक्या मानानं हात लावलेला मी तोवर पाहिला नव्हता. आधी त्यांनी त्याचा वास घेतला. मग आतल्या बाजूवरून अंगठा फिरवत टोकापर्यंत गेले आणि तिथं थांबले. ओल्या फडक्यानं तेलाचा थर पुसला, तसा एक ठसा वर आला. बारीकसा बाण. हा सरकारी मालाचा बाण, ते म्हणाले, इंग्रजांच्या फौजेच्या सामानावर असायचा. निजामाच्या फौजेशी याचा काही संबंध नाही. मला आतून गुदगुल्या झाल्या. जमादारसाहेबांची पहिली वीट ढासळली होती.

मग त्यांनी मला भोकं दाखवली. पट्ट्याची मूळ भोकं एका मापाची, एका रेषेत, हत्यारानं पाडलेली. त्यातल्या आतल्या बाजूच्या एका जोडीपाशी कातड्याला खोल वळ पडला होता, म्हणजे वर्षानुवर्षं पट्टा तिथंच लागत होता. चाचांनी टेपनं मोजून सांगितलं की हा माणूस किडकिडीत होता, कंबर म्हणजे मुलासारखी. पण पार टोकाला आणखी भोकं होती. वेडीवाकडी, कडा जळालेल्या, तापल्या खिळ्यानं पाडल्यासारखी. हे दुसऱ्या माणसाचं काम, ते म्हणाले, आणि तो दुसरा चांगला पोटाचा असणार. आमच्या हॉलमध्ये आजेसासऱ्यांचा फोटो आहे. त्यात कोटाची बटणं लागलेली नाहीत, आणि ती लागणं शक्यच नाही.

शेवटी त्यांनी बकल उलटं केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि उजेडात धरलं. बराच वेळ. पितळ घासून झिजतं तेव्हा सगळीकडून झिजतं, त्यांनी मला समजावलं. कडा झिजतात, उंचवटे झिजतात. हे बकल पुढून जसंच्या तसं आहे. मागंही कडा धड आहेत. फक्त मधे, जिथं नंबर असतो तेवढ्याच जागी, बोटभर रुंदीचा खळगा आहे. बकल माझ्या हातात देत ते म्हणाले, "ये घिसे सो नै है बाई. ये मिटाए सो है."

म्हणजे घासलेलं नव्हे, पुसून टाकलेलं. कुणीतरी जाणूनबुजून. मी त्यांना पैसे विचारले तर त्यांनी हात हलवला. परतताना रिक्षात मी बकलाच्या मागचा खळगा बोटानं चाचपत होते, आणि माझा अंगठा त्यात बरोब्बर बसत होता. मी तो खळगा केला नव्हता हे मला माहीत होतं. माझ्याआधी हा पट्टा घासणारी एकच बाई होती.

आम्ही सासूला आत्याबाई म्हणतो. त्या आता नव्वदीला टेकल्यात. गुडघे गेलेत, वॉकर धरून न्हाणीपर्यंत जातात, पण कान आणि जीभ शाबूत आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्या मला समया, तांब्या, घंटा, सगळं घासायला लावायच्या. पट्टा मात्र स्वतः घेऊन परसात बसायच्या, माझ्याकडं पाठ करून. नव्या सुनेवर विश्वास नाही, असं मी समजायचे आणि मनातल्या मनात चरफडायचे. हातांत जोर राहिला नाही तेव्हा, पंधराएक वर्षांपूर्वी, त्यांनी तो माझ्या हवाली केला.

त्या दिवशी मी छावणीतून आले ती थेट त्यांच्या खाटेपाशी गेले. पट्टा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि विचारलं, की आत्याबाई, नंबर तुम्ही काढला? त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पट्ट्यावरून हात फिरवला. मला वाटलं, ऐकू गेलं नाही असं सोंग करणार. पण त्या म्हणाल्या, "माज्या बापाचा हाय त्यो." आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या.

कुणाला सांगू नकोस, असं त्या म्हणाल्या नाहीत. मी ती परवानगी समजले. ही माझी चूक, आणि ती मी मोठ्या हौसेनं केली.

पुढच्या रविवारी भाऊजी कोरायच्या मजकुराचा कागद घेऊन आले. बाणाची गोष्ट मी ह्यांच्या कानावर घातली होती, ह्यांनी फोनवर भावाच्या कानावर घातली होती, आणि भाऊजींनी आठ दिवसांत आजेसासऱ्यांची नोकरी बदलली होती. निजामाचा जमादार आता इंग्रजांच्या पलटणीत गेला होता आणि थेट ब्रह्मदेशात लढून आला होता. उचलली जीभ लावली टाळ्याला. मजकूर वाचून दाखवताना त्यांचा आवाज भरून आला, हा तर कहर होता. मी तिथंच, सगळ्यांदेखत सांगितलं. भोकं सांगितली, वळ सांगितला, फोटोतलं पोट सांगितलं. आणि म्हटलं, "भाऊजी, हा पट्टा तुमच्या आजोबांचा नाही. तुमच्या आईच्या वडिलांचा आहे. आईला विचारा."

भाऊजी हसले. मग हसू थांबवून उठले आणि आत आईच्या खोलीत गेले. आम्ही सगळे मागोमाग. त्यांनी विचारलं, की आई, वहिनी म्हणतात पट्टा तुझ्या वडिलांचा, खरं का? आत्याबाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मी मान हलवली, बोला म्हणून. त्या म्हणाल्या, "मला काय ठावं? ह्या घरातलाच हाय."

मला वाटलं जमीन फाटली तर बरं होईल, आणि आत मी नाही, त्या जाव्यात. भाऊजींनी बाहेर येऊन मजकुराचा कागद जपून घडी घालून खिशात ठेवला, ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. आमचे हे नेहमीप्रमाणे "जाऊ दे" म्हणाले. या माणसानं मला आयुष्यात इतक्या वेळा जाऊ दे म्हटलंय, की तेवढ्या वेळा मी खरंच गेले असते तर आतापर्यंत पृथ्वी फिरून आले असते.

पुढचे दोन दिवस मी आत्याबाईंशी बोलले नाही. त्यांचं सगळं केलं. अंघोळ घातली, वेणी घातली, ताट नेलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. हात चालू होते आणि डोक्यात पस्तीस वर्षांचा हिशोब चालला होता, की ही बाई कधी कधी गप्प बसली. माझी नोकरी सोडवली तेव्हा गप्प. मुलगी झाली तेव्हा लोक बोलले, तेव्हा गप्प. आणि आता स्वतःच्या बापावर बेतलं तरी गप्प, वर मला खोटी पाडून. त्यांना त्या दोन दिवसांत मी मनापासून शिव्या दिल्या. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या पायांना तेल लावत होते. त्या म्हणाल्या, "रुसली व्हय?" मी तेल चोळत राहिले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, छताकडं बघत, अगदी सपाट आवाजात, जणू दुसऱ्या कुणाच्या बापाची गोष्ट आहे.

वडील पलटणीत होते. परतले तेव्हा आत्याबाई सहा-सात वर्षांच्या. सडपातळ माणूस, अंगावर तो पट्टा. घरी जमीन नावापुरती. तेराव्या वर्षी यांचं लग्न आमच्या या मातबर घरात झालं, कारण मुलगी दिसायला चांगली होती. पहिल्या दिवाळीला रीतीप्रमाणे वडील न्यायला आले. दिवसभराची वाट चालून, खांद्यावर गाठोडं. गाठोड्यात जावयाला टोपी, लेकीला खण, आणि घरी केलेला फराळ. सुतळी मिळाली नसेल किंवा वाटेत तुटली असेल, गाठोडं कमरेच्या पट्ट्यानं आवळून बांधलेलं होतं.

घरात दिवाळीची पंगत बसत होती. आजेसासरे, म्हणजे आत्याबाईंचे सासरे, म्हणाले की पलटणीत कुणाकुणाच्या हातचं खाल्लेला, समुद्र ओलांडून आलेला माणूस आमच्या पंगतीला चालायचा नाही. त्यांचं ताट गोठ्यात द्या. पंगतीत आत्याबाईंचा नवराही बसला होता. तो ताटाकडं बघत राहिला. तेरा वर्षांच्या पोरीनं बापाचं ताट गोठ्यात नेलं. बापानं ताटाला हात लावला नाही. उठला, गाठोडं तिच्या हातात दिलं, डोक्यावर हात ठेवला आणि मागच्या दारानं निघून गेला. तिला सोबत पाठवलं नाही. पुढं दोन वर्षांनी तो वारल्याचा सांगावा आला. मातीलाही तिला पाठवलं नाही.

माझे हात थांबले होते. तेल बोटांवरून गळत होतं. आत्याबाई पुढं सांगत राहिल्या. गाठोडं सोडलं ते सासऱ्यांनीच. टोपी ठेवली, फराळ वाटला, आणि पट्टा स्वतः घेतला. बसेना, तर खिळा तापवून टोकाला भोकं पाडली. बाजारच्या दिवशी कोटावरून तो पट्टा बांधून जायचे. माणसाला पंगतीत बसवलं नव्हतं, पट्टा मात्र छाती पुढं काढून मिरवला. लोक विचारायचे, पाटील, पलटणीत होता काय? आधी ते नुसते हसायचे. मग नाही म्हणायचं सोडून दिलं. मग हो म्हणायला लागले. खंडेनवमीला पट्टा घासून पाटावर ठेवायला त्यांनीच लावलं, आणि ते गेल्यावर पोरांनी त्याची पूजा सुरू केली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, फक्त आमच्या नागोबाला वर हळदकुंकूही मिळालं.

"बकलामागं बापाचा नंबर व्हता," आत्याबाई म्हणाल्या. "मला वाचता येत न्हवतं, पर बोटाला लागायचा. त्यो नंबर कमरेला लावून सासरं फिरत व्हते. म्हनलं, पट्टा घेतला तर घेतला, नंबर न्हाय घेऊ देणार."

म्हणून त्यांनी तो घासला. विटकरीच्या तुकड्यानं, दर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, थोडा थोडा. एकदम घासला असता तर कुणाच्या लक्षात आलं असतं. किती वर्षं लागली, त्यांना आठवत नव्हतं. शेवटचा आकडा गेला तेव्हा थोरला मुलगा, म्हणजे माझा नवरा, रांगत होता एवढं त्यांना आठवत होतं. "तुला बोलले त्ये माज्यापायी," त्या म्हणाल्या. "माहीत हाय मला."

मी विचारलं, की मग परवा का नाही सांगितलं? मी सगळं त्यांच्यासमोर मांडलं होतं. तुम्ही फक्त हो म्हणायचं होतं.

त्या पहिल्यांदा माझ्याकडं वळल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं. त्यांचा राग मी तोवर कधी पाहिला नव्हता, आणि माझा राग त्यापुढं पोरकट वाटावा असा तो होता.

"व्हय म्हनले असते तर काय झालं असतं? तुझ्या दिराला काय, कुनीतरी शिपाई पायजे. आजा न्हाय तर माजा बाप. त्याचं नाव कोरलं असतं. ज्या वेशीतनं त्यो उपाशी गेला, त्याच वेशीवर त्याला टांगला असता, त्या सासऱ्याच्या नातवांनी फोटो काढून घ्यायला. नगं. त्यांचं खोटं त्यांच्याच नावानं राहू दे."

मी वाद घातला. खोट्या माणसाला कमान मिळते आणि खऱ्याचं नावही निघत नाही, हा कुठला न्याय, म्हटलं. त्या म्हणाल्या, "मिळू दे. सिमिटाची हाय." मला ते पटलं नाही. आजही पुरतं पटत नाही. मी असते तर कमानीवर चढून हातोड्यानं नाव फोडलं असतं. पण बाप माझा नव्हता. त्या दुपारी त्यांनी मला त्यांच्या वडिलांचं नाव सांगितलं. सत्तरहून जास्त वर्षांत या घरात त्यांनी ते उच्चारलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. कुठं लिहू नकोस, असंही बजावलं. म्हणून लिहीत नाही.

कमानीच्या उद्घाटनाला भाऊजींनी पट्टा मखमली गादीवर ठेवून व्यासपीठावर मांडायचं ठरवलं होतं. त्या दिवशी सकाळी सातलाच ते गाडी घेऊन हजर झाले, नवं जाकीट, कपाळाला टिळा. आत्याबाईंनी उशाखालची किल्ली काढून दिली. कपाट उघडलं. पट्टा नव्हता.

मग आमच्या घरात जे झालं त्याला झडती हाच शब्द आहे. माझी ट्रंक उघडली. माझ्या साड्यांच्या घड्या विस्कटल्या. भाऊजी स्वयंपाकघरात शिरून डाळीच्या डब्यांत बघायला लागले, तेव्हा मी त्यांना सांगितलं की पीठ चाळून ठेवलंय, चाळायची गरज नाही. मला खरोखर माहीत नव्हतं पट्टा कुठं आहे. आमचे हे खिडकीत उभे राहून रस्त्यावरची रहदारी बघत होते. शेवटी मुहूर्त चुकेल म्हणून भाऊजी नुसता फोटो घेऊन गेले. ह्यांनाही घेऊन गेले. आत्याबाईंना बघायला कुणीतरी हवं, म्हणून मी राहिले. मला कुणी चला म्हटलंही नव्हतं.

दुपारी तीनच्या सुमारास दोघं परत आले. कमानीचा पडदा उघडला होता, भाषणं झाली होती, हार घातले होते. भाऊजींच्या हातात महाप्रसादाची पिशवी होती, बुंदी आणि पुऱ्या. ती त्यांनी टेबलावर टाकली आणि मला विचारलं की किती घेतले. मला कळलं नाही. ते म्हणाले, की पट्टा छावणीतल्या त्या मियाँला विकलास ना, त्याच्याकडंच गेली होतीस ना मुद्दाम घेऊन? पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ते मला अरेतुरे करत होते. कमानीवर नाव कोरलं गेलं तसा आवाजही चढला होता. मी म्हटलं, की आधी अहो म्हणा, मग उत्तर देते. ते आणखी ओरडायला लागले. घराण्याचा मान विकला, म्हणाले. माझ्या माहेरचं काढलं. मीही त्यांचं काहीतरी काढणार होते, तोंडाशी आलं होतं, आणि आतून आत्याबाईंनी हाक मारली. मला नव्हे, भाऊजींना.

आम्ही तिघं आत गेलो. त्या खाटेच्या कडेला पाय खाली सोडून बसल्या होत्या, गळ्यापर्यंत गोधडी, थंडी वाजते म्हणून सकाळपासून न सोडलेली. त्यांनी आधी विचारलं, की नाव कोरून झालं का? भाऊजी म्हणाले, झालं. दगडात? हो, काळ्या दगडात. आता पुसता यायचं नाही ना? भाऊजींना त्या विचारण्यात कौतुक दिसलं असावं. ते जरा निवळून म्हणाले, "नाही आई, शंभर वर्षं हलत नाही."

तेव्हा त्यांनी गोधडी बाजूला सारली. लुगड्यावरून, कमरेला, पट्टा बांधलेला होता. सकाळी मी त्यांना अंघोळ घालून गेले तेव्हापासून असणार, म्हणजे सगळी झडती होईपर्यंत त्या तो बांधून पडल्या होत्या. नव्वदीची कंबर, पट्टा जवळजवळ दुसरा वेढा घ्यायला निघालेला, आणि बकल पोटावर, नुकतं घासल्यासारखं पिवळं.

"माज्या बापाचा हाय," त्या म्हणाल्या. खणखणीत आवाजात, बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल असं. मग दोन्ही हात बाजूला घेतले. "काढ."

भाऊजींचा हात थोडा पुढं झाला. आईच्या कमरेपासून वीतभर अंतरावर तो थांबला. आत्याबाई त्यांच्याकडं बघत होत्या, त्यांना कसलीच घाई नव्हती. ह्यांनी मान खाली घातली होती. मग भाऊजींनी हात मागं घेतला, माझ्याकडं पाहिलं, आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "वहिनी, तुम्ही काढा."

मी जागची हलले नाही.